खाली वीतभर, वर दोन हात

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कुंपणालगतच्या चौदा खांबांवरचे जुने सोडियम दिवे उतरवून एलईडी चढवायचे होते. काम दीड दिवसाचं. ऑगस्ट 2024, पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली, आणि कारखान्याला साप्ताहिक सुट्टी असल्याने आतल्या रस्त्यावर वर्दळ नाही. दुपारच्या सुट्टीपर्यंत सहा खांब झाले. सातव्या खांबापाशी वायरमन उंचावर नेणाऱ्या गाडीच्या बकेटमध्ये उभा असताना गाडीचा एक जॅक, म्हणजे जमिनीवर टेकवायचा पाय, जमिनीत वीतभर घुसला. माणूस वाचला, पण सहा आठवडे घरी होता. मी त्या कारखान्यात सुरक्षा प्रशिक्षणाला जात असे, म्हणून चौकशीला मला बसवलं. हे टिपण त्याच चौकशीतलं आहे. कारखान्याचं, ठेकेदाराचं किंवा माणसांचं नाव यात येणार नाही, हे तेव्हाच ठरलं होतं.

गाडी आणि माणसं

गाडी भाड्याची. हिला आपल्याकडे कोणी स्कायलिफ्ट म्हणतं, कोणी बकेट गाडी, कोणी नुसतंच ‘हायड्रॉलिक’. ट्रकच्या चॅसीवर बूम, म्हणजे वर उचलला जाणारा लांब हात, त्याचा पुढचा तुकडा आतबाहेर सरकणारा, टोकाला फायबरची बकेट. बकेटची क्षमता 200 किलो, म्हणजे दोन माणसं आणि थोडी हत्यारं. गाडीचं एकूण वजन सात टनांच्या आसपास. चार कोपऱ्यांना चार जॅक. बाहेर काढून टेकवल्यावर डाव्या-उजव्या जॅकमध्ये 2.4 मीटरचं अंतर पडतं. बूम चालवायला दोन पॅनल, एक बकेटमध्ये आणि एक खाली गाडीवर. वरच्यापेक्षा खालच्याचा हुकूम मोठा: वरच्या माणसाला काही झालं तर खालून त्याला उतरवता यावं म्हणून. एरवी वरच्याला विचारल्याशिवाय खालच्या पॅनलला हात लावायचा नसतो.

कागद चोख होते. सक्षम व्यक्तीचं तपासणी प्रमाणपत्र मुदतीतलं, विमा चालू, ऑपरेटरचं लायसन्स बरोबर. पुढे जे नडलं ते यातल्या कुठल्याच कागदात सापडण्यासारखं नव्हतं.

ऑपरेटर पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. हेल्पर एकोणीस वर्षांचा, कामावर तिसरा महिना. वायरमन कारखान्याच्या कायम ठेकेदाराचा, परवानाधारक, नऊ वर्षं याच आवारात वावरलेला. देखरेखीला कारखान्याचे इलेक्ट्रिकल सुपरवायझर. बकेटमध्ये एकच माणूस जाणार होता, त्यामुळे वजनाचा प्रश्न नव्हता.

यादी एकदा, गाडी चौदा वेळा

सकाळचे फोटो मी पाहिले आहेत. पहिल्या खांबापाशी सगळं पुस्तकात छापावं असं. हँडब्रेक, चाकांना लाकडी पाचर, चारही जॅकखाली ठोकळे, भोवती नारिंगी शंकू. मामांनी खालच्या पॅनलवरून रिकामा बूम वर-खाली करून पाहिला, मग वरच्यावरून, दोन्हीकडची इमर्जन्सी बटणं दाबून पाहिली, तेलाचे होज कुठे पाझरत नाहीत ना ते पाहिलं. रोज काम सुरू करण्याआधी दोन्हीकडची नियंत्रणं चालवून बघायची, हे अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांतही स्पष्ट लिहिलेलं आहे. मामांनी ते वाचलेलं नाही, पण न चुकता करतात. दहा मिनिटांचं टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीचं सुरक्षेवरचं बोलणं, झालं. तपासणीची यादी भरली, सह्या झाल्या.

त्या यादीला नाव ठेवायला जागा नाही. एवढंच की ती एकदा भरली गेली आणि गाडी त्या दीड दिवसात चौदा वेळा उभी राहणार होती. खांबाखांबात 25 मीटर. दर वेळी बूम पाळण्यात, म्हणजे गाडीवरच्या त्याच्या बैठकीत, बसवायचा, जॅक उचलायचे, गाडी पुढे घ्यायची, पुन्हा जॅक टेकवायचे, म्हणजे दर वेळी नवी जमीन, नवा उतार आणि डोक्यावर नवं काहीतरी. पण सगळ्यांच्या मनात ते एकच काम होतं, सकाळी तपासून झालेलं.

दुपारी गाडी सातव्या खांबाकडे निघाली तेव्हा एक ठोकळा सहाव्यापाशीच राहिला. हेल्परच्या ते लक्षात आलं जॅक टेकवताना. तो आणायला पंचवीस मीटर मागे पळत जायचं, तर मामा म्हणाले, “राहू दे, इथं डांबर पक्कं आहे.” तिथे डांबर खरोखरच काळंभोर, नवं आणि सपाट होतं. बाकी रस्ता उखडलेला असताना तेवढाच पट्टा नवा का, हा प्रश्न त्या वेळी कोणाला पडला नाही. ठोकळे तीन कोपऱ्यांना लागले. कुंपणाच्या बाजूचा मागचा जॅक तसाच टेकला. लेव्हलचा बुडबुडा मधोमध होता.

वायरमन वर गेला. बूम आधी रस्त्याच्या बाजूला उचलला, मग कुंपणाकडे फिरवला. दिवा उतरवून झाला. नवा दिवा हातात घेऊन तो बोल्ट लावायला वाकला तेव्हा खालून ‘पत्र्यावर नारळ पडावा तसा’ आवाज आला, असं तो सांगतो. डांबराची खपली फुटली आणि जॅकचा पाय एका झटक्यात आत गेला. टायर जमिनीला टेकले तेव्हा गाडी थांबली. नंतर मोजलं, जॅक 22 सेंटिमीटर खचला होता.

एकोणीस मिनिटं

बकेट कुंपणाकडे झोकांडली. अशा झटक्याला बूमचं टोक गोफणीसारखं वागतं. खाली बसलेला लहानसा धक्का वर माणसाला बाहेर भिरकावतो. दुसऱ्या गाडीने धडक दिली, चाक खड्ड्यात गेलं, फांदीखाली अडकलेला बूम अचानक सुटला, तरी हेच होतं. बकेटला कमरेएवढी कड आहे, मग सुरक्षेचा पट्टा कशाला, असं विचारणाऱ्याला माझ्याकडे हे एवढंच उत्तर असतं.

वायरमनची छाती कडेवर आदळली, कमरेपासून वरचा भाग बाहेर गेला, आणि पट्ट्याची दोरी ताणली जाऊन तो तिथेच अडकला. दोन बरगड्यांना तडे, खांदा निखळलेला. दिवा खाली पडून फुटला.

आता या पट्ट्याबद्दल जरा थांबतो. कारखान्याने दिलेली दोरी 1.8 मीटरची होती, पडणाऱ्याला झेलायची. तेवढ्या मोकळ्या दोरीवर तो कडेवरून पलीकडे जाऊन लोंबकळला असता. पण ही दोरी पायात येते म्हणून त्याने तिला दोन गाठी मारून हातभर केली होती. नियमाने ही चूक आहे. गाठीने दोरीची ताकद घटते, आणि कोणत्याही तपासणीत मी तो पट्टा बाद केला असता. आणि त्याच गाठींनी त्याला बकेटमध्ये ठेवलं. बकेटमध्ये लागते ती आखूड, लांबी कमी-जास्त करता येणारी दोरी, जी माणसाला कडेपलीकडे जाऊच देत नाही. ती खरेदीच्या यादीत कधी आलीच नव्हती. काम करणाऱ्याने गरज ओळखून स्वतःपुरता चुकीचा उपाय काढला होता. हूक त्याने बकेटच्या कडीतच लावला होता, खांबाच्या हाताला नाही, हेही त्याचं नशीब. खांबाला लावला असता तर बकेट एकीकडे आणि माणूस दुसरीकडे अशी ओढाताण झाली असती.

खाली गोंधळ. आदळताना वायरमनचं कोपर वरच्या इमर्जन्सी बटणावर पडलं, इंजिन बंद. हेल्पर धावत गेला आणि खचलेला जॅक पुन्हा खाली रेटायला त्याने जॅकचा लिव्हर धरला. बूम बाहेर असताना जॅक हलूच नयेत म्हणून गाडीत एक लिमिट स्विच असतो. या गाडीत तो वायरच्या तुकड्याने कायमचा ‘चालू’ करून ठेवला होता, कधीपासून ते मालकालाही सांगता येईना. इंजिन चालू असतं तर तो जॅक हलला असता, आणि पोकळीवर उभ्या असलेल्या गाडीला तो धक्का कुठे घेऊन गेला असता ते मी लिहीत नाही. मामा ओरडले आणि पोराने हात काढला.

मामांनी पुढे केलं ते बरोबर केलं. बूम फिरवायचा नाही, जॅकला हात लावायचा नाही, आधी बूमचा सरकता भाग आत घ्यायचा, म्हणजे बकेट गाडीच्या जवळ येते आणि खचलेल्या कोपऱ्यावरचा भार उतरतो. मग सावकाश खाली. इंजिन नसताना हे हँडपंपावर करायचं असतं. पंप जागेवर होता, पंपाचा दांडा नव्हता. तो ड्रायव्हरच्या सीटखाली, ताडपत्री आणि जॅकच्या पान्याखाली सापडला. शोधण्यात अकरा मिनिटं गेली. माणूस जमिनीवर आला तेव्हा एकूण एकोणीस मिनिटं झाली होती.

तो बकेटच्या बाहेर लटकत असता तर एकोणीस मिनिटं फार झाली असती. पट्ट्यात निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि शुद्ध हरपायला फार वेळ लागत नाही. दांडा कुठे आहे हे मामांना नक्की आठवत नव्हतं, आणि मामा सोडून खालचं पॅनल चालवता येणारा आवारात दुसरा कोणी नव्हता. तीन खांबांपूर्वी मामा पाणी प्यायला गेटपर्यंत गेले होते, तेव्हाही वायरमन वरच होता.

ठोकळ्याचा हिशेब

चौकशीच्या पहिल्याच बैठकीत निकाल तयार होता: हेल्परने ठोकळा विसरला. ठेकेदाराने त्याला दुसऱ्या दिवशीच घरी पाठवलं होतं. मला हे सोयीचं वाटलं आणि म्हणूनच पटलं नाही. मी फळ्यावर साधा भागाकार केला.

चारही जॅक टेकलेले आणि बूम पाळण्यात असताना वजन साधारण वाटलं जातं. बूम एका कोपऱ्यावरून बाहेर काढला की सगळा तोल तिकडे जातो आणि त्या एका जॅकवर गाडीच्या निम्म्याच्या आसपास वजन येऊ शकतं. साडेतीन टन धरू. जॅकचा पाय 20 सेंटिमीटर चौरस, म्हणजे 0.04 चौरस मीटर. दाब येतो चौरस मीटरला सुमारे 87 टन. विसरलेला ठोकळा 30 सेंटिमीटरचा होता. तो ठेवला असता तर दाब 39 टनांवर आला असता. 60 सेंटिमीटरची जाड पाटी ठेवली असती तर दहा टनांच्या खाली. आणि खाली काय होतं? न धुमसलेला काळ्या मातीचा भराव, दोन महिने पाऊस प्यालेला. त्याच्याकडून दहा टनांचीही खात्री धरता येत नाही. म्हणजे तो ठोकळा तिथे असता तर ठोकळ्यासकट जॅक आत गेला असता. पोराला घालवून कारखान्याने काहीच मिळवलं नव्हतं.

मामांचा युक्तिवाद वेगळा होता, आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. “या रस्त्यानं वीस-वीस टनांच्या गाड्या जातात साहेब. माझी सात टनांची काय खचणार?” दाबाच्या हिशेबाने ट्रकचा टायरही काही कमी नसतो, हे खरं. पण त्या गाड्या रस्त्याच्या मधून जातात आणि टायर फिरत पुढे जातो. नवा पट्टा होता कुंपणाला चिकटून, जिथे वर्षभरात सायकलही गेली नसेल. आणि जॅक एका जागी उभा राहतो, त्याच्यावरचा भार बूम फिरेल तसा वाढत जातो. लेव्हलचा बुडबुडा म्हणूनच फसवतो: तो मधोमध होता तेव्हा त्या जॅकवर जेमतेम पावणेदोन टन होते.

यावर एक उपाय आहे, फुकटचा. माणूस वर पाठवण्याआधी रिकामी बकेट जमिनीपासून थोड्या उंचीवर ठेवून बूम बाहेर काढायचा आणि तारा, भिंती सांभाळून ज्या ज्या कोपऱ्यावर काम येणार तिथून सावकाश फिरवायचा. मग खाली वाकून प्रत्येक जॅकचा पाय बघायचा, बुडबुडा बघायचा. जमीन दगा देणारच असेल तर ती रिकाम्या बकेटला देऊ दे. याला चार मिनिटं लागतात. मी हे आता ‘रिकामी फेरी’ म्हणून शिकवतो.

आता शीर्षकातला हिशेब. 2.4 मीटरच्या पायावर एक बाजू 22 सेंटिमीटर खचली, म्हणजे गाडी सुमारे पाच अंशांनी कलली. खाली उभ्या माणसाला पाच अंश कळतही नाहीत. पण बकेटची कड साडेनऊ मीटरवर होती. तिथे त्याच कलण्याचे झाले 87 सेंटिमीटर, बूम लवला तो वेगळा. खाली वीतभर गेलं ते वर दोन हात झालं. आणि ज्या दिशेला झालं, त्या दिशेला कुंपणापलीकडे 11 केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, उघडी तार होती.

तार

पहिल्या सहा खांबांपाशी ही तार बऱ्यापैकी लांब आहे. सातव्यापाशी बाहेरचा रस्ता वळतो आणि तार कुंपणाजवळ येते. बकेट आधी जिथे होती तिथून जवळच्या तारेपर्यंत 2.1 मीटर. कलल्यानंतर, गाडी हलवण्याआधी लेझरने मोजलं, तर साधारण 1.2 मीटर. आणि हे बकेटच्या कडेपासून. माणसाचा हात कडेबाहेर होता आणि त्या हातात पाना होता.

सुपरवायझरांनी बैठकीत हाच आकडा काढला. “नियमात 1.2 मीटरच आहे.” आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत 11 केव्हीपर्यंतच्या तारेपासून इमारतीचं आडवं अंतर किमान 1.2 मीटर सांगितलं आहे. भिंत पाना हातात घेऊन वाकत नाही आणि झोकांडतही नाही. उंचावर हलणाऱ्या यंत्रासाठी अमेरिकेत 50 केव्हीपर्यंतच्या तारेपासून 10 फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर सोडतात. ते दिलदारीने सोडलेले नाहीत. झोका, कलणं, अंदाजाची चूक हे सगळं त्या तीन मीटरांत धरलेलं आहे. आमच्या सातव्या खांबाचे 87 सेंटिमीटर त्यातच बसले असते.

परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीपत्रावर, प्रश्न छापलेला होता, ‘विद्युतपुरवठा बंद केला आहे का?’ उत्तर ‘होय’, आणि ते खोटं नव्हतं. दिव्यांचा पुरवठा बंद होता, कुलूप लावलेलं होतं. बाहेरची तार वीज वितरण कंपनीची, कुंपणाबाहेरची, म्हणून कोणाच्या डोक्यातच नव्हती. ज्या वस्तूवर काम करायचं तिच्याबद्दल परमिट विचारत होतं. बकेट जिथपर्यंत पोहोचू शकते तिथे काय आहे, ते कुठेच विचारलेलं नव्हतं.

“पण बकेट फायबरची आहे ना?” हे मी त्या बैठकीत तिघांकडून ऐकलं. फायबरची बकेट म्हणजे इन्सुलेटेड गाडी नव्हे. जिवंत तारेजवळ काम करायच्या गाडीचा बूमही विद्युतरोधक असतो, त्याची ठरावीक मुदतीने उच्च विद्युत दाबावर चाचणी होते, आणि तो धुऊन-पुसून ठेवावा लागतो, कारण ओली धूळ बसली की रोधकपणा उणावतो. भाड्याच्या या गाडीचा बूम बकेटच्या कडीपर्यंत लोखंडी होता. आणि खरी इन्सुलेटेड गाडीसुद्धा वरच्या माणसाला जमिनीपासून तोडते, एवढंच. त्याने एका हाताने तार आणि दुसऱ्या हाताने खांब धरला तर गाडी काही करू शकत नाही.

तार लागली असती तर सगळ्यात आधी कोण गेलं असतं, असं मी विचारलं. सगळ्यांनी वर बोट केलं. खरं तर बहुधा तो एकोणीस वर्षांचा पोरगा, ओल्या मातीत उभा राहून लोखंडी लिव्हर धरलेला. गाडी तारेला लागली की आख्खी गाडी जिवंत होते आणि खालून तिला हात लावणारा माणूस वीज जमिनीत उतरायची वाट होतो. अशा वेळी गाडीपासून सगळ्यांनी लांब जायचं, तार बंद झाल्याचं वीज कंपनीकडून पक्कं कळेपर्यंत जवळ फिरकायचं नाही. जो गाडीवर आहे त्याने गाडीवरच राहायचं. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर गाडी आणि जमीन यांना एकदम स्पर्श न होऊ देता, दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय न उचलता घासत लांब जायचं, कारण जमिनीतही दोन पावलांच्या अंतरात विद्युत दाबाचा फरक असतो. टूलबॉक्स टॉकमध्ये हे कोणी बोललं नव्हतं. हेल्मेट आणि बूट यांवर मात्र सहा मिनिटं गेली होती.

नोंद कोणाची

व्यवस्थापकांचा पहिला प्रश्न, “माणूस ठेकेदाराचा, मग अपघाताची नोंद आमची कशी?” तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 मध्ये ‘कामगार’ या शब्दात ठेकेदारामार्फत आलेलाही येत होता, आणि दुखापतीने 48 तास किंवा जास्त काळ काम बंद राहिलं तर कलम 88 प्रमाणे सूचना द्यावी लागत असे. दिली गेली. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

चारी

त्या नव्या डांबरी पट्ट्याखाली काय होतं ते कळायला मला चार दिवस लागले. सिव्हिलकडे नकाशा नव्हता. एप्रिलमध्ये कॅमेऱ्यांच्या केबलसाठी कुंपणालगत हातभर रुंद आणि सुमारे 90 सेंटिमीटर खोल चारी काढली होती. काढलेलीच काळी माती परत ढकलली, धुम्मस मारली नाही, मुरूम टाकला नाही, वर डांबर ओतलं. पावसात माती बसली आणि डांबर तसंच राहिलं, पोकळीवर पापडासारखं.

हे मला सांगितलं वायरमनने. मी त्याला भेटायला पाथर्डी फाट्याजवळ त्याच्या घरी गेलो होतो, तो खांदा बांधून खाटेवर बसला होता. मी विचारलं, तिथे जमीन अशी का होती, काही कल्पना? तो म्हणाला, “चारी माझ्याच देखरेखीखाली खोदली होती की साहेब. केबल मीच टाकली.” मग तुम्ही मामांना बोलला का नाहीत? त्याने जरा विचार केला. “मला कोणी विचारलं नाही. आणि खालचं मामा बघतात, वरचं मी बघतो.”

मी बऱ्याच चौकशांत बसलो आहे. लोक माहिती लपवतात तेव्हा ती काढायची कशी हे थोडंफार जमतं. इथे कोणी काही लपवलं नव्हतं. जमीन माहीत असलेला माणूस वर होता आणि जमीन न माहीत असलेला खाली, आणि दोघांनी सकाळी एकत्र चहा घेतला होता.

2015 नंतरचा सिंहस्थ 2027 मध्ये आहे. त्यासाठी शहरात रस्ते उकरणं, बुजवणं चालू आहे आणि राहील, आणि त्याच बुजवलेल्या कडांवर दिवे लावायला, फांद्या छाटायला, बॅनर उतरवायला या गाड्या उभ्या राहतील. चारी उघडी असो की बुजवलेली, ती जितकी खोल तितकं तरी अंतर जॅकने तिच्यापासून सोडावं. ओल्या काळ्या मातीत त्याहून जास्त. आमच्या गाडीच्या बूमची पोहोच एवढी होती की ती दोन मीटर रस्त्याकडे घेऊनही सातवा दिवा बसला असता.

पुढे काय केलं

कारखान्याने 26 प्रश्नांची नवी इंग्रजी यादी छापली. मी विरोध केला, फारसा उपयोग झाला नाही. मामा ती बॉनेटवर बसून एका दमात भरतील, चौदाही खांबांची, सकाळीच. माझ्या आग्रहाने एक हातभर लांबीचं कार्ड झालं, मराठीत, खांबागणिक एक ओळ: जमीन, तार, रिकामी फेरी, सही. सही मामा आणि वायरमन दोघांची, गाडी तिथे उभी राहिल्यावर. 60 सेंटिमीटरच्या चार पाट्या आल्या, प्रत्येक आपापल्या जॅकला साखळीने बांधलेली, म्हणजे मागे राहायचा प्रश्न नाही. हँडपंपाचा दांडा लाल रंगवून गाडीच्या बाहेर क्लिपमध्ये बसवला. लिमिट स्विच मालकाने दुरुस्त केला, तोवर गाडी आत घेतली नाही. सुपरवायझर आणि आणखी एक वायरमन खालच्या पॅनलवरून बकेट उतरवायला शिकले, इंजिन बंद ठेवून, हातपंपावर; पहिल्या वेळी सुपरवायझरांना चौदा मिनिटं लागली, तिसऱ्या वेळी पाच. बकेटसाठी आखूड दोऱ्या आल्या. सातव्या ते दहाव्या खांबासाठी वीज कंपनीकडे रीतसर अर्ज करून तार बंद करून घेतली, अर्थिंग लावल्याचं डोळ्यांनी बघूनच गाडी लावली.

हेल्परला परत बोलवा असं मी लेखी दिलं होतं. ठेकेदार म्हणाला, तो आता सिन्नरला दुसऱ्या गाडीवर आहे.

उरलेलं काम ऑक्टोबरच्या मध्यावर झालं. गाडी यायच्या आदल्या दिवशी वायरमन, मामा आणि मी सातव्यापासून चौदाव्या खांबापर्यंत चालत गेलो. वायरमनच्या डाव्या हातात खडू, उजवा खांदा अजून दुखत होता. जिथे जॅक ठेवायचा नाही तिथे तो फुली मारत होता. कॅमेऱ्याच्या केबलची चारी त्याला पाठ होती, त्या फुल्या पटापट झाल्या. अकराव्या खांबापाशी तो थांबला आणि चारीपासून चांगली दीड मीटर रस्त्याकडे आणखी एक फुली मारली. “इथं काय आहे?” मामांनी विचारलं. “नक्की आठवत नाही. खूप वर्षांपूर्वी काहीतरी खोदलं होतं.” वरून काही दिसत नव्हतं, डांबर जुनंच होतं. मामांनी गेटवरून पहार आणली आणि फुलीवर मारली. दुसऱ्या ठोक्याला ती फूटभर आत गेली.